बंब आहे, पण चालतो का? जुन्या काळी गावोगावच्या बंबांची तपासणी अशी व्हायची

उसाचा फड पेटला, कडब्याची गंजी पेटली किंवा वस्तीवरच्या घराला आग लागली, की पहिला फोन जातो तो तालुक्याच्या बंबाला. बंब येतोही. पण कधी टाकीत पाणी अर्धंच असतं, कधी पाइप मध्येच फाटलेला निघतो, तर कधी पंप नुसता घरघरतो आणि पाणी काही उचलत नाही. मग जमलेली माणसं चिडतात आणि एकच गोष्ट विचारतात, हे आधी कुणी बघितलं नव्हतं का?

हा प्रश्न जुना आहे. ज्या देशाकडून आपल्याकडे बंब आले, त्या इंग्लंडमधल्या छोट्या गावांनी तो तीनशे वर्षांपूर्वी विचारला होता. बंब विकत घेणं सोपं, तो चालू स्थितीत ठेवणं अवघड, हे त्यांना आगीत घरं गमावून कळलं. तिथल्या तपासणीचा हा इतिहास आपल्या ओळखीचा वाटेल.

आधी शब्दाचं बघू. ‘बंब’ हा शब्द पोर्तुगीज ‘बोंबा’वरून आला असं मानलं जातं. बोंबा म्हणजे पंप. न्हाणीघरातला पाणी तापवायचा तांब्याचा बंब वेगळा आणि आगीचा बंब वेगळा, पण नाव एकच. आगीचा बंब म्हणजे मुळात चाकांवर बसवलेला पंप. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली की पुढचं सगळं सोपं जातं, कारण पंप म्हटला की वॉशर आला, झडप आली, गळती आली.

चर्चमध्ये ठेवलेला बंब

सन १६६६ च्या सप्टेंबरमध्ये लंडनमध्ये एका बेकरीतून आग लागली आणि चार-पाच दिवसांत सुमारे १३,२०० घरं जळाली. त्यानंतर तिथं दोन गोष्टी सुरू झाल्या. एक, आगीचा विमा. दोन, प्रत्येक वस्तीनं स्वतःचं आग विझवायचं सामान ठेवावं हा विचार. १७०८ मध्ये कायदा झाला. लंडन आणि लगतच्या प्रत्येक पॅरिशनं एक मोठा आणि एक छोटा बंब ठेवायचा, सोबत चामड्याचा पाइप ठेवायचा. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतलं गाव किंवा पेठ. कारभार साधारण आपल्या ग्रामपंचायतीसारखा, पण चालायचा चर्चच्या मंडळींकडून.

लंडनबाहेरच्या गावांना हा कायदा लागू नव्हता. तिथं बंब घ्यायचा की नाही हे गावानं ठरवायचं. काही गावांनी वर्गणी काढली, काहींना जमीनदारानं घेऊन दिला, तर काही ठिकाणी विमा कंपन्यांनीच बंब आणि बादल्या भेट दिल्या. त्यात कंपनीची जाहिरात होती आणि जळणाऱ्या घरांचा खर्चही वाचत होता.

बंब ठेवायचा कुठं? गावात पक्की, मोठी, सगळ्यांची अशी इमारत एकच, ती म्हणजे चर्च. म्हणून बंब चर्चच्या मनोऱ्याखाली किंवा ओसरीत उभा राहायचा. आग लागली की वाजवायची घंटाही तिथंच. डॉर्सेट परगण्यातल्या बेअर रेजिस गावच्या चर्चच्या ओसरीत लांब दांड्याचे मोठे लोखंडी आकडे आहेत. गवतानं शाकारलेलं छप्पर पेटलं की ते आकड्यानं ओढून खाली पाडायचं, म्हणजे आग शेजारच्या घरावर जात नाही. बंबाच्या आधी हेच खरं हत्यार होतं. आपल्याकडं झोपडीला आग लागल्यावर जाणती माणसं आजही आधी शेजारचं छप्पर मोडतात, ते याच हिशेबानं.

त्या काळचा नावाजलेला बंब रिचर्ड न्यूशॅम याचा. हा माणूस मूळचा बटणं बनवणारा. त्यानं १७२१ आणि १७२५ मध्ये पेटंट घेतली. लाकडी हौद, त्यात दोन पंप, दोन्ही बाजूंना लांब दांडे. दांड्यांवर माणसं उभी राहून वर-खाली करायची आणि वरच्या नळीतून पाणी उडायचं. हौदात पाणी टाकायचं ते बादल्यांनी, हातोहात. या बंबाचा आस फिरत नसे, त्यामुळे गल्लीच्या वळणावर तो चक्क उचलून वळवावा लागायचा. न्यूयॉर्क शहरानं १७३१ मध्ये पहिले दोन बंब मागवले, तेही न्यूशॅमचेच.

आधी येईल त्याला बक्षीस

१७०८ च्या कायद्यात तपासणीची एक चलाख युक्ती होती. आगीच्या जागी पहिल्यांदा पोचणाऱ्या पॅरिशच्या बंबाला ३० शिलिंग, दुसऱ्याला २० आणि तिसऱ्याला १० शिलिंग बक्षीस. अट अशी, की बंब चांगल्या स्थितीत आणि पाइपासकट पूर्ण असला पाहिजे. म्हणजे वेगळा तपासनीस नेमायची गरज नाही, आग हीच परीक्षा. सामान अर्धवट असेल तर पैसे नाहीत.

कागदावर हे छान होतं. प्रत्यक्षात काय झालं? बक्षीस पोचण्याचं होतं, आग विझवण्याचं नव्हतं. त्यामुळे बंब सांभाळणारा पॅरिशचा शिपाई, ज्याला बीडल म्हणायचे, तो हलका-फुलका छोटा बंब घेऊन धावत सुटायचा. हा बीडल म्हणजे साधारण आपल्या गावचा कोतवाल. चिमणीतनं धूर दिसला तरी पळायचा. पैसे मिळाले की काम झालं.

चार्ल्स डिकन्स या प्रसिद्ध लेखकानं यावर मनसोक्त टीका केली आहे. ‘स्केचेस बाय बॉझ’ या १८३६ मध्ये पुस्तकरूपानं आलेल्या त्याच्या लेखसंग्रहात पॅरिशच्या बंबाचं वर्णन आहे. एकदा असा बंब खऱ्या आगीवर सगळ्यांत आधी पोचला. पाणीही भरपूर होतं. अठरा पोरं आणि एक बाप्या यांनी वीस मिनिटं दांडे मारले, थेंबही उडाला नाही. कारण बंबात पाणी भरायचं कसं हेच कुणाला ठाऊक नव्हतं! लेखकानं मीठ-मसाला लावला असेल, पण वाचणाऱ्यांना ते खोटं वाटलं नाही, यातच सगळं आलं.

तपासायला आलेला माणूस काय बघायचा

गावागावांत बंबाची राखण एखाद्या सुताराकडं, लोहाराकडं किंवा चर्चच्या सेवकाकडं असायची. त्याला वर्षाला थोडे पैसे मिळायचे. जुन्या पॅरिशच्या हिशेबवह्यांत बंबाला तेल दिल्याचा, पाइप दुरुस्त केल्याचा आणि बंब ‘चालवून बघितल्या’चा खर्च लिहिलेला सापडतो. महिन्यातून किंवा तिमाहीला एकदा बंब बाहेर काढायचा, पाणी भरायचं आणि फवारा मारून बघायचा. ही झाली तपासणी. साधी वाटते, पण यात खूप काही कळायचं.

सगळ्यांत पहिलं चामडं. त्या बंबाच्या दट्ट्याला, म्हणजे पिस्टनला, चामड्याचा वॉशर असायचा. झडपांनाही चामडं. गावातल्या हातपंपाचा वॉशर झिजला की कितीही हापसलं तरी पाणी येत नाही, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना वेगळं सांगायला नको. चामडं ओलं राहिलं तर फुगून नळीला घट्ट बसतं. सहा महिने बंब कोरडा उभा राहिला की वॉशर सुकून आक्रसतो, कडेनं हवा शिरते आणि पंप पाणी ओढत नाही. म्हणून बंब नुसता झाकून ठेवून चालायचं नाही, तो अधूनमधून पाण्यावर चालवावाच लागायचा. उलट थंडीच्या दिवसांत आत पाणी राहिलं, तर त्याचा बर्फ होऊन पंपाचं नळकांडं तडकायचं. वापरलं नाही तर सुकतो, वापरून पुसला नाही तर फुटतो, असं हे दुहेरी दुखणं.

मग पाइप. चामड्याचा पाइप हॉलंडमध्ये १६७० च्या दशकात यान फान दर हायडेन या चित्रकारानं प्रचारात आणला. हो, तो नावाजलेला चित्रकार होता आणि ॲमस्टरडॅमच्या बंबांचा प्रमुखही. चामड्याच्या पट्ट्या गोल करून लांब शिवण मारायची. जोर लागला की शिवण उसवायची. पुढं १८०८ च्या सुमाराला अमेरिकेत फिलाडेल्फियात शिवणीऐवजी तांब्याचे रिव्हेट मारलेला पाइप निघाला, तो टिकाऊ होता. पण चामडं ते चामडंच. जुन्या माणसांना विहिरीवरची मोट आठवत असेल. मोट कोरडी पडली की कशी कडक व्हायची, तसाच हा पाइप. प्रत्येक आगीनंतर तो धुवायचा, वाळवायचा आणि तेल-चरबी चोळून मऊ करायचा. तपासणारा माणूस पाइप हातात घेऊन दुमडून बघायचा. चामड्याला भेगा पडल्या की समजायचं, वर्षभर कुणी हात लावलेला नाही.

नंतर जाड कापडी, तागाच्या धाग्याचे पाइप आले. ते भिजले की धागे फुगून गळती आपोआप कमी व्हायची. पण ओले गुंडाळून ठेवले तर बुरशी लागून कुजायचे. जुन्या फायर स्टेशनांना उंच मनोरा का असतो असं बऱ्याच जणांना वाटतं. त्याचं मोठं कारण टेहळणी नव्हे, तर पाइप उभे टांगून वाळवणं. मनोऱ्यात पाइप टांगलेला दिसतो का, की कोपऱ्यात वेटोळं करून पडलाय, एवढ्यावरून जाणकाराला त्या दलाची लायकी कळायची.

बादल्या मोजल्या जायच्या. त्याही चामड्याच्या, वर पॅरिशचं नाव किंवा साल रंगवलेलं. नाव कशासाठी, तर बादली घरी नेली की ओळखू यावी. बादल्या हरवण्याचं प्रमाण फार. आग विझवायला नेलेली बादली परत येतेच असं नाही, हा अनुभव सगळ्या देशांत सारखाच दिसतो.

पुढं बंबाला जाड ओढपाइप आला, म्हणजे विहिरीतून किंवा ओढ्यातून बंब स्वतः पाणी खेचू लागला. शेतातल्या मोटारीचा फूट व्हॉल्व्ह गळका असला की काय होतं ते शेतकऱ्याला माहीत आहे. तेच इथं. ओढपाइपाच्या जोडात केसाएवढी फट असली तरी हवा शिरते आणि पाणी वर चढत नाही. शिवाय पंप कितीही दणकट असो, हवेच्या दाबामुळे पाणी प्रत्यक्षात सात-आठ मीटरच्या वर खेचता येत नाही. त्यामुळे तपासणीत ओढपाइपाचं तोंड बंद करून हवा ओढून बघायची आणि ती किती वेळ टिकते ते पाहायचं, ही पद्धत पडली. पाण्याशिवाय, दोन मिनिटांत पंपाचं खरं रूप कळतं. तोंडाला जाळी आहे का, हेही बघायचं. जाळी नसेल तर पहिल्याच ओढ्यात पाला-चिखल आत जाऊन पंप बसतो.

किल्ली कुणाकडं आहे?

सामान ठणठणीत असूनही घरं जळाल्याची उदाहरणं कमी नाहीत, कारण तपासणी यंत्राची व्हायची, माणसांची नाही. बंबघराला कुलूप असायचं आणि किल्ली एकाकडं. तो शेतावर गेला किंवा बाजाराला गेला की संपलं. म्हणून पुढं बऱ्याच गावांत बंबघराच्या दारावरच किल्ली कुणाकुणाकडं आहे ते लिहून ठेवायची चाल पडली.

घोड्यांचं तसंच. मोठ्या शहरांनी बंबासाठी घोडे पाळले. छोट्या गावाला ते परवडायचं नाही, मग सरायवाल्याचे किंवा भाड्यानं गाडी हाकणाऱ्याचे घोडे धरायचे. आग लागायची त्या वेळी घोडे दुसऱ्या गावाला भाड्यावर गेलेले असायचे. आज टँकर आहे पण ड्रायव्हर सुट्टीवर, तसलाच प्रकार.

हातबंबाला दांडे मारायला वीस-पंचवीस माणसं लागायची आणि ती काही मिनिटांत दमायची. म्हणून जमलेल्या गर्दीतूनच माणसं घ्यायचे. लंडनमध्ये अशा माणसांना पहिल्या तासाला एक शिलिंग, पुढच्या प्रत्येक तासाला सहा पेन्स आणि वर बिअर मिळायची. बिअर थांबली की दांडे थांबायचे. यातली बिलं नंतर वादाचा विषय व्हायची आणि हिशेब तपासणारा आगीपेक्षा बिअरवरच जास्त वेळ घालवायचा.

१८३३ मध्ये इंग्लंडात दिवाबत्ती आणि पहारा यांच्याबद्दल कायदा झाला. गावातल्या करदात्यांनी ठरवलं तर त्यांनी निवडलेल्या मंडळींना रस्त्यावरचे दिवे, रखवालदार आणि आगीचे बंब यांचा खर्च करता येऊ लागला. या निवडलेल्या मंडळींना कायद्यातच ‘इन्स्पेक्टर’ म्हटलं होतं. बंब विकत घेणारे तेच, ठेवणारे तेच आणि तपासणारेही तेच. आपलंच लेकरू आपणच कसं नापास करणार, हा दोष यात होताच. तरी चर्चच्या कोपऱ्यात धूळ खाणारा बंब पहिल्यांदा लोकांच्या पैशाच्या हिशेबात आला, ही मोठी गोष्ट.

दाखवायची कवायत आणि खरी कवायत

छोट्या गावांत वर्षातून एकदा मोठी तपासणी व्हायची. बाजारचौकात दल रांगेत उभं राहायचं, पितळी टोपं चकचकीत घासलेली, बंबावर नवा लाल रंग. नगराचे कारभारी यायचे. चर्चच्या मनोऱ्यावरून पाणी जातं का ते बघायचं, टाळ्या वाजवायच्या आणि संध्याकाळी सगळ्यांनी जेवायचं. जेवणाचं आकर्षण कवायतीपेक्षा मोठं होतं असं म्हणायला हरकत नाही. तारीख आधी ठरलेली असल्यामुळे त्या दिवशी बंब चालायचाच. पण अशा दिवशी नापास होणारा बंब विरळा आणि आगीच्या दिवशी नापास होणारे भरपूर.

ही नस जेम्स ब्रेडवुड या माणसानं बरोबर पकडली. तो १८२४ मध्ये एडिंबरा शहराच्या बंबदलाचा प्रमुख झाला. वय अवघं चोवीसच्या आसपास. त्यानं गवंडी, सुतार, छपरं घालणारे, नळजोडणीवाले अशी कामकरी माणसं निवडली, ज्यांना घर कुठून कसं कोसळतं हे ठाऊक असतं. आणि कवायत घ्यायची ती पहाटे, अंधारात. आग रात्रीच जास्त लागते, तेव्हा डोळे मिटून जोड बसवता आला पाहिजे, हा हिशेब. शिवाय त्या वेळी रस्ते मोकळे असतात आणि कुणाचा रोजगार बुडत नाही. १८३० मध्ये त्यानं बंबांची बांधणी आणि माणसांचं शिक्षण यावर पुस्तक लिहिलं. १८३३ पासून तो लंडनला विमा कंपन्यांच्या एकत्रित दलाचा प्रमुख होता. २२ जून १८६१ रोजी टूली स्ट्रीटच्या गोदामांच्या आगीत भिंत अंगावर पडून तो गेला. तिथं उपस्थित असण्यामागं साधं कारण होतं, आपल्या दमलेल्या माणसांना बघायला तो पुढं गेला होता.

अमेरिकेच्या ईशान्येकडच्या छोट्या गावांनी वेगळाच मार्ग काढला. हातबंबांच्या शर्यती. मैदानावर लांबच लांब कागद अंथरायचा, बंबाचा फवारा मारायचा आणि शेवटचा थेंब कागदावर कुठं पडला ते मोजायचं. ज्याचा थेंब सगळ्यांत लांब, तो गाव जिंकला. जत्रेतल्या शर्यतीसारखी चुरस. या नादानं वॉशर, झडपा, पाइप सगळं वर्षभर टकाटक राहायचं, कारण हरायला कुणाला आवडतं? जुने हातबंब घेऊन अशा शर्यती तिथं अजूनही भरतात. इंग्लंडातही १८८७ मध्ये छोट्या-मोठ्या दलांची राष्ट्रीय संघटना झाली आणि घड्याळ लावून कवायतींच्या स्पर्धा सुरू झाल्या. साहेबांनी येऊन शेरा मारण्यापेक्षा शेजारच्या गावाशी ईर्ष्या जास्त कामाला आली, असं दिसतं.

आमच्या हद्दीत नाही

शहरातला बंब खेड्यात यायचा का? हा प्रश्न तिथंही गाजला. बंब शहराच्या करातून घेतलेला, मग हद्दीबाहेर का न्यायचा? परत आल्यावर पैसे कोण देणार? त्यावरून भांडणं व्हायची आणि पैशाची हमी मिळेपर्यंत बंब हलायचा नाही, असेही प्रसंग घडले. १८९८ मध्ये खास कायदा करून गावांच्या पंचायतींना शेजारच्या दलाशी आधीच करार करायची मुभा दिली गेली. तरी प्रत्येक ठिकाणी अग्निशमन दल असलंच पाहिजे अशी सक्ती लंडनबाहेर १९३८ पर्यंत नव्हती. त्या वर्षीच्या कायद्यानं ती आली आणि सरकारी निरीक्षकांनी दलं तपासायची सोयही आली.

लगेच दुसरं महायुद्ध सुरू झालं. बॉम्बच्या आगी विझवायला एका गावचं दल दुसऱ्या गावाला धावलं, तर कुणाच्या पाइपाचा जोड कुणाला बसेना. शेवटी ऑगस्ट १९४१ मध्ये सुमारे १,६०० वेगवेगळी दलं एकत्र करून एकच राष्ट्रीय दल करावं लागलं. युद्धानंतर, १९४८ मध्ये ती पुन्हा स्थानिक कारभाराकडं गेली, पण सामानाचं माप मात्र एकच राहिलं.

जोड बसला नाही म्हणून शहर जळालं

जोडाची गोष्ट नीट सांगायला हवी, कारण तपासणीत सगळ्यांत जास्त दुर्लक्ष व्हायचं ते याच बोटभर वस्तूकडं. ७ फेब्रुवारी १९०४, रविवार. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात व्यापारी पेठेत आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क इथून बंब आणि माणसं मदतीला आली. काही तर खास रेल्वेनं बंब चढवून आली. बंब उत्तम, माणसं कसलेली, पाणी आहे. पण पाइपाचे आटे बाल्टिमोरच्या नळाला बसेनात. प्रत्येक शहराचा आटा वेगळा! आग सुमारे ३० तास चालली आणि दीड हजारांवर इमारती गेल्या.

नंतर चौकशी केली तेव्हा देशभरात पाइपाच्या जोडांचे ६०० हून जास्त प्रकार निघाले. यातला प्रत्येक बंब आपापल्या गावच्या तपासणीत पास झालेला होता, हे लक्षात घ्या. स्वतःच्या नळाला स्वतःचा पाइप बसतोच. शेजाऱ्याच्या नळाला बसतो का, हे कुणी बघितलंच नव्हतं.

या आगीनं विमा कंपन्या खडबडून जाग्या झाल्या. त्यांच्या राष्ट्रीय मंडळानं इंजिनिअर पाठवून गावं-शहरं तपासायला सुरुवात केली. १९१६ मध्ये गुण द्यायचा तक्ता तयार झाला. त्यात गुण चांगल्याचे नव्हते, उणिवांचे होते. एकूण ५,०००. जितक्या उणिवा जास्त, तितका वर्ग खालचा. पहिला वर्ग उत्तम, दहावा म्हणजे काहीच सोय नाही. आणि या वर्गावर त्या गावातल्या घराच्या, दुकानाच्या विम्याचा हप्ता ठरायचा. म्हणजे बंबाचा वॉशर बदलला नाही तर त्याची झळ किराणा दुकानदाराच्या खिशाला. मग दुकानदारच नगरपालिकेत जाऊन विचारू लागला, बंबाचं काय झालं?

या तक्त्यातली एक गोष्ट आपल्या भागातल्या लोकांनी मुद्दाम बघावी. ५,००० पैकी सगळ्यांत जास्त, १,७०० गुण पाणीपुरवठ्याला होते. अग्निशमन दलाला १,५००. आधी पाणी, मग बंब. उरलेले गुण आगीची वर्दी देण्याची सोय, इमारतींची बांधणी, बांधकामाचे नियम वगैरेंना. कितीही भारी बंब घेतला आणि तो परत भरायला जवळ पाणी नसलं तर वर्ग सुधारत नसे. इंग्लंडमधलं ब्लँडफर्ड हे बाजाराचं गाव ४ जून १७३१ रोजी जवळजवळ सगळं जळालं. गाव पुन्हा उभं राहिलं, तेव्हा १७६० मध्ये आगीची आठवण म्हणून चर्चजवळ स्मारक बांधलं. ते नुसता पुतळा किंवा खांब नाही, पाण्याची सोय आहे.

आपल्याकडं काय आलं, काय राहिलं

मुंबईत किल्ल्याच्या भागात फेब्रुवारी १८०३ मध्ये मोठी आग लागली होती. पुढं १८८७ मध्ये मुंबईचं स्वतंत्र अग्निशमन दल उभं राहिलं. बंब ब्रिटिश बनावटीचे, कवायत तिकडची, शब्दही तिकडचे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई बंदरात ‘फोर्ट स्टिकिन’ बोटीचा स्फोट झाला आणि दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. दरवर्षी १४ ते २० एप्रिल अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ. तालुक्याच्या नगरपालिकेत त्या आठवड्यात बंब धुऊन-पुसून बाहेर उभा असतो, शाळेची पोरं बघायला येतात. जुन्या इंग्लंडातल्या बाजारचौकातल्या तपासणीचाच हा दूरचा नातेवाईक.

स्वातंत्र्यानंतर १९५५ मध्ये केंद्रानं अग्निशमनासाठी स्थायी सल्लागार समिती नेमली. बंब कसा असावा, किती माणसांमागं किती असावेत, याची मापं तिनं सुचवली. अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय निघालं. ते आधी उत्तर प्रदेशात रामपूरला होतं, १९५७ मध्ये नागपूरला आलं. आणि बाल्टिमोरचा धडा आपल्याला आयता मिळाला. ब्रिटिश पद्धतीचा अडीच इंची, म्हणजे ६३ मिलिमीटरचा ‘इन्स्टंट’ जोड देशभर एकच ठेवला गेला. याला आटे नाहीत. नर टोक मादी टोकात दाबायचं, खटका बसतो, झालं. सोडवताना दोन्ही कान ओढायचे. त्यामुळे सांगोल्याचा पाइप पंढरपूरच्या बंबाला बसतो. आत रबराचं एक वॉशर असतं, ते हरवलं किंवा कडक झालं की जोडातून पाण्याची कारंजी उडतात आणि पाइपाच्या टोकाला जोर राहत नाही. रबर चामड्याच्या जागी आलं, दुखणं तेच.

महाराष्ट्रात १९६५ च्या नगरपरिषद कायद्यानं आग विझवणं आणि आगीच्या वेळी जीव व मालमत्ता वाचवणं हे नगरपरिषदेचं बंधनकारक काम ठरवलं आहे. म्हणजे बंब ही मर्जीची गोष्ट नाही. बंबाच्या गाडीची नोंदवही असते, तीत पंप किती वेळ चालवला हे लिहायचं असतं. गाडी किती किलोमीटर धावली याची नोंद बहुधा सापडते. पंपाच्या तासांचा रकाना मात्र बघण्यासारखा असतो. तो कोरा असेल, तर बंब रस्त्यावर फिरतो पण पाण्यावर चालवला जात नाही, असा अर्थ जाणकार काढतात.

अग्निशमन सप्ताहात बंब बघायला गेलात, तर रंगाकडं कमी आणि चार ठिकाणांकडं जास्त बघा. टाकी काठोकाठ भरलेली आहे का. पाइप कोरडे, मोकळे वळवून ठेवलेत का. जोडाच्या आत बोट घातल्यावर वॉशर लागतं का. आणि ओढपाइप गाडीवर आहे का, की ‘स्टोअरला ठेवलाय’ असं उत्तर मिळतं. शेवटचं महत्त्वाचं, कारण वस्तीवर नळ नसतो, विहीर आणि शेततळं असतं. बंबाची टाकी काही मिनिटांत रिकामी होते. त्यानंतर तो शेततळ्यातून पाणी उचलू शकला नाही, तर गंजीशेजारी उभ्या असलेल्या रिकाम्या गाडीचा उपयोग काय? गावात शेततळ्यापर्यंत जड गाडी जाईल असा रस्ता कुठून आहे, हे पावसाळ्यानंतर एकदा पाहून ठेवणारी आणि बंबाच्या ड्रायव्हरला नेऊन दाखवणारी माणसं असतील, तर त्या गावची तपासणी निम्मी झालेलीच आहे. उरलेली निम्मी पंपाच्या तासांच्या रकान्यात दिसते.